उतरल्यावरचा रकाना

माझं वजन तेव्हा ४७ किलो होतं. मामांची आणि माझी ओळख त्यामुळेच झाली.

२००६ साली मी चाकणजवळच्या एका कंपनीत, गाड्यांच्या सीटच्या चाचणी विभागात रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी एका कोऱ्या सीटचा एच-पॉइंट काढायला सांगितला. माणूस सीटवर बसला की त्याच्या मांडीचं हाड खुब्यात जिथे फिरतं, ती जागा म्हणजे एच-पॉइंट. स्टिअरिंग किती लांब ठेवायचं, छत डोक्यापासून किती वर हवं, समोरचा रस्ता कुठून कुठवर दिसेल, ही सगळी मापं या एका ठिपक्यापासून धरतात. तो काढायला पाठ, बूड आणि पायांच्या दांड्या असलेला एक सांगाडा असतो. सीटवर सुती कापड अंथरायचं, सांगाडा बसवायचा, मग वजनं चढवायची. सगळी वजनं चढली की तो साधारण ७६ किलोच्या पुरुषाएवढा होतो. मग त्याचं धड धरून डावीकडे पाच अंश, उजवीकडे पाच अंश असं तीनदा डोलवायचं, म्हणजे कापडात कुठे अडकलेलं असेल तर ते सुटतं आणि सांगाडा नीट बुडाशी बसतो.

पण त्याआधीची एक पायरी नियमात लिहिलेली आहे. सीटवर आजवर कोणीच बसलं नसेल, तर ७० ते ८० किलो वजनाच्या माणसाने तिच्यावर दोनदा, एकेक मिनिट बसायचं. कोरा फोम ताठ असतो, तो त्याने सैलावतो. मी बसून काही उपयोग नव्हता. विभागातले बाकीचे जेवायला गेलेले. मी खाली पार्किंगमध्ये गेले. चाचणीच्या गाड्या रस्त्यावर चालवणारे ड्रायव्हर तिथे बसलेले असत. मी संकोचत वजन विचारलं. एक जण उठले, म्हणाले, "चौऱ्याहत्तर. कशाला हवंय, मॅडम?"

ते वर आले, चपला बाहेर काढल्या आणि सीटवर बसले. मी घड्याळ लावलं. एक मिनिट झालं, उठले. पुन्हा बसले, पुन्हा एक मिनिट. मी आभार मानले, तर ते सीटकडे बघत म्हणाले, "झालं एवढ्यात? एका मिनिटात सीट काय कळायची? सीट आळेफाट्याला कळती."

त्यांना सगळे मामा म्हणत. मीही म्हणू लागले. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण लिहू का म्हणून विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नाव कशाला छापता? मामा म्हणा." पण जे ऋण आहे ते लिहायलाच हवं. ज्या कामामुळे लोक मला ओळखतात, त्यातला सर्वांत मोलाचा भाग माझा नाही, त्यांचा आहे, आणि हे मी फार वर्षं मोठ्याने बोलले नाही.

आळेफाट्याचं म्हणणं मला पहिल्या रस्त्यावरच्या चाचणीत कळलं. चाकणहून निघायचं, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा, चंदनापुरीचा घाट उतरून संगमनेर आणि परत. रस्ता तेव्हा दुपदरी होता, खेडच्या घाटात ट्रकच्या मागे अर्धा अर्धा तास सरकत जावं लागायचं. गाडीत मामा चालवायला, आम्ही चौघं बसायला. प्रत्येकाच्या हातात एक तक्ता, त्यावर माणसाच्या पाठमोऱ्या शरीराचं चित्र, मान, खांदे, पाठीचा वरचा भाग, कंबर, पुठ्ठे, मांड्या असे तुकडे पाडलेलं. कुठे किती त्रास होतोय ते आकड्यात लिहायचं. ही पद्धत ब्रिटनमधल्या कॉर्लेट आणि बिशप या दोघांनी १९७६ साली मांडली. साधी आणि भरवशाची पद्धत आहे, आजही वापरतात.

राजगुरुनगरपर्यंत चौघांनीही शून्य शून्य लिहिलं. सीट मऊ होती, छान होती. मंचरला चहा घेतला, तेव्हाही छानच. नारायणगाव गेलं आणि मागे बसलेल्या सहकाऱ्याने एक मांडी दुसरीवर टाकली. थोड्या वेळाने काढली. मामा आरशातून बघत होते. मला हळूच म्हणाले, "सुरू झाली चुळबुळ. त्यांना अजून कळलं नाही, बुडाला कळलं." आळेफाट्याला तोच सहकारी उतरला तो दाराची चौकट धरून, आणि दोन्ही हात कंबरेवर ठेवून मागे वाकला. त्याच्या तक्त्यावर मात्र कंबरेपुढे एक होता. दहापैकी एक.

पुढे वाचताना कळलं की बसल्या जागी होणारी हालचाल मोजून अवघडलेपण ताडण्याची रीत संशोधकही वापरतात. १९९६ साली झांग, हेलँडर आणि ड्रुरी यांनी दाखवून दिलं की आराम आणि त्रास ही एकाच काठीची दोन टोकं नाहीत. सीट दिसते कशी, हाताला मऊ किती लागते, बसताच कसं वाटतं, याच्याशी आरामाचा संबंध. त्रास वेगळीकडून येतो. स्नायू थकतात, हाडाखालचं मांस दबतं, रक्त अडतं, आणि हे वेळ जाईल तसं साठत जातं. म्हणून शोरूममध्ये तळहाताने दाबून, दोन मिनिटं बसून माणूस जी सीट पसंत करतो, ती तीन तासांनी त्याचीच वैरीण होऊ शकते. मऊ फोममध्ये माणूस रुततो, रुतला की बुडाची दोन हाडं खालच्या कडक थराला जाऊन टेकतात. दाब मोजण्याची चटई सीटवर अंथरली की पडद्यावर ते दिसतं, दोन हाडांखाली दोन लालभडक ठिपके. चांगल्या सीटमध्ये तो दाब मांड्यांवर पसरतो, लाल फिकट होत जातं. पण पडदा दाखवतो तो त्या क्षणाचा दाब. तिसऱ्या तासाला शरीर काय म्हणेल ते पडद्यावर येत नाही.

मामांना हे कळलं ते मुंबईत. आमच्याकडे येण्याआधी अकरा वर्षं त्यांनी काळीपिवळी चालवली होती, प्रीमियर पद्मिनी. दिवसपाळी त्यांची आणि रात्रपाळी दुसऱ्याची, गाडी मालकाची. तो दुसरा अंगाने जाड आणि डाव्या कुशीवर रेलून चालवणारा. पाच-सहा महिन्यांत सीटमध्ये त्याच्या बुडाचा खळगा पडला, डावीकडे खोल. मामा त्या खळग्यात बसून दिवसभर दादर, भायखळा, फोर्ट करायचे आणि संध्याकाळी त्यांची उजवी कंबर धरायची. आधी त्यांना वाटलं आपलंच काहीतरी बिघडलंय. मग एक दिवस त्यांनी सीटखाली हात घालून बघितलं, तर डावीकडच्या स्प्रिंगा बसल्या होत्या. त्यांनी घरून काथ्याचा एक तुकडा आणला, तेवढ्या जागेत दाबून भरला, वर लाकडी मण्यांचं आसन टाकलं आणि कंबरेमागे पंचाची गुंडाळी. आठवड्यात दुखणं गेलं. "तेव्हा कळलं," ते सांगायचे, "माणूस आजारी नव्हता. सीट आजारी होती."

हे वाक्य मी कितीतरी बैठकांमध्ये वापरलं. कोणाचं आहे ते एकदाही सांगितलं नाही.

पंचाच्या गुंडाळीचं शास्त्र मला नंतर सापडलं. स्वीडनमध्ये आल्फ नाखेमसन या अस्थिशल्यविशारदाने १९६०च्या दशकात माणसांच्या कंबरेच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला होता. उभं राहण्यापेक्षा आधाराशिवाय बसल्यावर तो वाढतो. पुढे त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की पाठ मागे कलती केली आणि कंबरेला मागून आधार दिला की तो उतरतो. बसलं की कंबरेचा नैसर्गिक बाक सपाट होतो, गुंडाळी तो बाक परत आणते. मामांनी गुंडाळी किती वर ठेवायची ते मला शिकवलं. पट्ट्याच्या जरा वर, चार बोटं. जास्त वर गेली तर छाती पुढे ढकलते, खाली गेली तर माणूस पुढे घसरतो. आमच्या सीटमध्ये कंबरेच्या आधाराची उंची ठरवताना मी जेव्हा जेव्हा वाद घातला, तेव्हा ती चार बोटं माझ्या मनात होती.

दुसरी एक गोष्ट त्यांनी पाहिली, जी मी स्वतःपासूनही लपवत होते. माझी उंची १५१ सेंटिमीटर. आमच्या बहुतेक सीटची बैठक माझ्यासाठी लांब होती. पाठ टेकवली की बैठकीची पुढची कड गुडघ्यामागे रुतायची आणि तासाभरात पोटऱ्यांना मुंग्या यायच्या. म्हणून मी पुढे सरकून बसायचे, पाठ अधांतरी. तक्त्यावर मात्र मी काहीच लिहायचे नाही. वाटायचं, मी बुटकी आहे, हा सीटचा दोष कसा? सांगाडा पुरुषाचा, मापं पुरुषाची, बसणाऱ्यांत बाई मी एकटी. एकदा सिन्नरपर्यंत गेलो होतो, परतताना मामा म्हणाले, "ताई, तुम्ही कायम टोकावर बसता."

"माझी उंची कमी आहे ना, मामा."

"मग ते लिहायचं कोणी? माझी बायको तुमच्याएवढीच आहे. तिनं कुठं बसायचं?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा माझ्याच मांड्यांपुढे आकडा लिहिला. सहा. मग शोधाशोध केली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतल्या देबकुमार चक्रवर्ती यांचं भारतीय माणसांच्या शरीरमापांवरचं पुस्तक १९९७ साली निघालं होतं. ते मागवलं आणि रात्री बसून भारतीय स्त्रियांची मापं आमच्या बैठकीच्या लांबीशी ताडून पाहिली. गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा राहायला हवी, हा साधा नियम. माझ्यासारख्या कितीतरी जणींना ती राहत नव्हती. हा मुद्दा मान्य व्हायला दोन वर्षं लागली, आणि नंतरच्या एका सीटची बैठक खरोखर आखूड झाली. किती आखूड ते सांगितलं तर क्षुल्लक वाटेल, काही मिलिमीटर. पण पोटरीला ते काही मिलिमीटर कळतात.

तक्ते भरून घेताना आणखी एक अडचण होती. आमच्या चाचण्यांत अधूनमधून इतर ड्रायव्हर, कामगार, त्यांच्या घरचे असे लोक बसायला येत. त्यांना शून्य ते दहा आकडे झेपायचे नाहीत. लोक आकड्याकडे परीक्षेतले मार्क म्हणून बघत. कंपनीची सीट, कमी मार्क कसे द्यायचे? मामांनीच तोड काढली. म्हणाले, आकडे विचारू नका, काय होतंय ते विचारा. आधी माणूस चुळबुळतो. मग अवघडतो. मग रग लागते. मग मुंग्या येतात. मग बधिर होतं, आणि बधिर झालं की तो म्हणतो आता काही दुखत नाही. "ते सगळ्यात वाईट," मामा म्हणाले, "तिथं शून्य लिहितात लोक."

मी थक्क झाले. तो पाच शब्दांचा उतरता जिना मी तसाच्या तसा तक्त्यावर घेतला, मराठीत. ज्या बाईने आधी सगळीकडे शून्य लिहिलं असतं, ती आता सहज सांगायची, "रग लागलीय हो इथं," आणि बोटाने जागा दाखवायची. मराठीत शरीराच्या त्रासाला किती बारीक शब्द आहेत, हे मला अभियांत्रिकीच्या नोकरीत कळलं.

आणि मग तो रकाना. मामांचं म्हणणं होतं की बसल्यावर काय वाटतं ते विचारण्यात अर्थ नाही, माणूस उतरताना पाहावा. ते तीन गोष्टी पाहायचे. उतरताना हात कुठे जातो, दाराच्या चौकटीला, गुडघ्याला की कुठेच नाही. पहिली तीन पावलं सरळ पडतात की वाकडी. आणि उतरल्यावरचं पहिलं वाक्य काय. पहिलं वाक्य पाठीचं असेल, नुसतं हुश्श असेल, तर सीट नापास. पहिलं वाक्य चहाचं, मोबाइलचं, घरच्यांचं असेल तर सीट पास. "ज्याला सीटची आठवण राहिली नाही त्याची सीट चांगली."

तक्त्याच्या शेवटी मी एक रकाना वाढवला, 'उतरल्यावर' असं शीर्षक दिलं, आणि त्यात या तीन ओळी. सुरुवातीला वरिष्ठांपैकी एकांनी ते बैठकीत वाचून दाखवलं आणि खोली हसली. पण वर्षभराच्या नोंदी जमल्या, तेव्हा दिसू लागलं की हा रकाना आणि ग्राहकांच्या सहा महिन्यांनंतरच्या तक्रारी एकमेकांशी जुळतात, आकड्यांपेक्षा जास्त. तक्ता इतर प्रकल्पांत गेला. लोक त्याला माझ्या नावाने ओळखू लागले. २०११ साली मोठ्या सादरीकरणात मला कोणीतरी विचारलं, ही कल्पना सुचली कशी? मामा तेव्हा खाली पार्किंगमध्ये होते. मी म्हणाले, निरीक्षणातून. ते खोटं नव्हतं. पण निरीक्षण माझं नव्हतं. अहवालात मामा होते ते 'व्यक्ती क्र. ७' एवढेच. तो आकडा अजूनही माझ्या घशात अडकतो.

आता आईचं सांगते. २०१४ साली पुण्यात तिच्या खुब्याचा सांधा बदलला. घरी न्यायचं संगमनेरला. खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यावर काही आठवडे गुडघे खुब्याच्या वर जाऊ द्यायचे नसतात, पाय एकमेकांवर टाकायचे नसतात, पुढे वाकायचं नसतं, खोलगट जागी बसायचं नसतं. म्हणजे बहुतेक गाड्यांच्या सीटवर बसायचंच नसतं. इतकी वर्षं सीटचं काम करून मला काही सुचेना. मामांना फोन केला. ते म्हणाले, "आक्कांच्या पलंगाची उंची किती? आणि लॅबमधून कडक फोमचा अडीच इंची तुकडा आणा. मऊ नको."

सकाळी ते आले तेव्हा त्यांनी पुढची सीट शेवटपर्यंत मागे सारली होती, पाठ कलती केली होती. फोमचा तुकडा ठेवला, वर चादर घट्ट खोचली, चादरीवर एक मोठी प्लास्टिकची पिशवी. आईला पाठमोरी आणली, पोटऱ्या गाडीला टेकेपर्यंत. मग ती आडवी बसली, दाराबाहेर पाय ठेवून, आणि मागे रेलत दोन्ही पाय एकदम आत वळवले. पिशवीवरून ती तेलावर फिरावी तशी फिरली, चेहऱ्यावर एक रेघ उमटली नाही. बसल्यावर मामांनी पिशवी अलगद ओढून काढली. मी विचारलं, का? म्हणाले, "ब्रेक लागला की माणूस पुढं घसरतं."

नेहमीचा चार तासांचा रस्ता त्या दिवशी साडेसहा तासांत झाला. दर पाऊण तासाने गाडी थांबायची, आईला वॉकर धरून वीस पावलं चालवायचे, पुन्हा तोच सगळा विधी, फोम, चादर, पिशवी. खड्डा आला की मामा आधीच इतका वेग उतरवायचे की मागच्या गाड्या हॉर्न मारायच्या. बसलेलं शरीर उभ्या दिशेच्या धक्क्यांना सेकंदाला ४ ते ८ वेळा या पट्ट्यात सगळ्यात नाजूक असतं, आणि फोमची सीट नेमकी त्याच्या आसपास धक्का वाढवते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मामा ते पायाने जाणत होते.

घर आलं. आई उतरली, वॉकर धरून उभी राहिली, दाराकडे बघून शेजारच्या काकूंना म्हणाली, "दूध घेतलं का गं माझं?"

मामा माझ्याकडे वळले. "लिहा," म्हणाले. "पहिलं वाक्य दुधाचं."

मी रस्त्यातच रडले. त्यांनी फक्त डिझेलचे पैसे घेतले. मी पाकीट पुढे केलं तर रागावले, आणि त्यांना रागावलेलं मी तेवढंच एकदा पाहिलं.

काही वर्षांनी ते नोकरी सोडून ओतूरजवळच्या गावी गेले. शेत आहे, मुलगा आहे. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतून पद्मिनी टॅक्सी कायमच्या गेल्याची बातमी आली. २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची गाडी वीस वर्षं भरून रस्त्यावरून उतरली. मी त्यांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझा काथ्याचा तुकडा कुणाकडं गेला असंल?"

गेल्या हिवाळ्यात मी नव्या गाडीची एक सीट रस्त्यावर तपासत होते. या सीटची बैठक, कंबरेचा आधार, कडेचा फोम, सगळ्यात माझा हात होता. मी ओतूरला गेले आणि मामांना म्हटलं, चला, आईला भेटून येऊ. ते पुढे बसले. मी चालवत होते, आमच्या जुन्या व्यवस्थेच्या उलट. आळेफाटा गेला, ते ऊस आणि कांद्याबद्दल बोलत राहिले. बोटा गावाजवळ चहाला थांबूया म्हटलं तर म्हणाले, नको, घरीच घेऊ. चंदनापुरीच्या घाटात मी आरशाऐवजी त्यांच्या मांड्यांकडे बघत होते. चुळबुळ नव्हती. बोटा गावाजवळ चहाला थांबूया म्हटलं तर म्हणाले, नको, घरीच घेऊ.

संगमनेरला आईच्या दारात गाडी थांबली. आई ओट्यावर उभी होती. मामांनी पाय बाहेर टाकले, जरा थांबले आणि डाव्या हाताने दाराची चौकट धरून उठले. माझा चेहरा त्यांनी वाचला असणार.

"हे गुडघ्याचं आहे," ते म्हणाले. "सीटचं नाही. वेगळं लिहा."

मग तीन पावलं सरळ टाकून ते ओट्यावर गेले. मी गाडीतच बसून तक्ता काढला. वर जिथे व्यक्तीचा क्रमांक असतो तिथे त्यांचं पूर्ण नाव लिहिलं, गावासकट. खाली शेवटच्या रकान्यात लिहिलं: दार धरले. डावा गुडघा, वय ७१. पावले सरळ.